मोकळ्या बाजूने आलेली होडी

सत्तावीस नंबरच्या होडीत गप्प बसायची सोय नव्हती. बाकीच्या होड्यांत शर्यतीच्या वेळी माणसं दातओठ खात दोर ओढत, मधूनच एखादी शिवी हासडत आणि एरवी तोंड मिटून बसत. सत्तावीस नंबरमध्ये मात्र पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या तरंगत्या बोयापर्यंत एका बाईचा आवाज चालू असे. “उजवीकडे पाणी काळं झालंय, झुळूक येतेय. पुढे पिवळं शीड, चार होड्या अंतर. बोया नाकासमोर, जरा डावा. मागे कुणी नाही.” धक्क्यावर उभे राहिलेले लोक हसत. क्लबात या होडीला रेडिओ म्हणत. रेडिओने या मोसमात नऊपैकी सहा शर्यती मारल्या होत्या, त्यामुळे हसणाऱ्यांचं हसू अलीकडे जरा आंबट झालं होतं.

आवाज धाकटीचा. वय अठ्ठेचाळीस, नकाशे काढणाऱ्या कचेरीत पंचवीस वर्षं नोकरी, कानांवरचे केस पांढरे, लग्नाचा विषय घरच्यांनी कंटाळून सोडून दिलेला. तरी ती धाकटीच, कारण सुकाणूवर बसायचा तो तिचा थोरला भाऊ. दादा तिच्याहून चौदा वर्षांनी मोठा. बाजाराच्या रस्त्यावर त्याचं चष्म्याचं दुकान. निम्म्या गावाच्या नाकावर त्याने बसवलेले चष्मे होते, आणि ज्यांच्या नाकावर नव्हते त्यांना तो रस्त्यात गाठून सांगे, “डोळे बारीक करून बघताय, या एकदा दुकानात.”

होडीतला तिसरा गडी बेकरीवाला. अंगाने चांगला भरलेला, आणि त्याचं मुख्य काम तेच. वारा होडीला कुशीवर लोटायला लागला की याने दुसऱ्या काठावर बसून बाहेर झुकायचं. “मी पोतं आहे,” असं तो पहिल्याच वर्षी म्हणाला आणि मग सगळेच त्याला पोतं म्हणायला लागले. आठवडाभर पहाटे उठून पीठ मळणारा माणूस. रविवारी दुपारी पाण्यावर यायचा तो, त्याच्याच शब्दांत, झोप काढायला. पण या काठावरून त्या काठावर त्याच्याइतक्या चपळाईने जाणारं पोतं दुसऱ्या कुठल्याच होडीत नव्हतं.

बोलत राहायची रीत काही जुनी नव्हती. याच मोसमाच्या सुरुवातीला, होडीला रंग देताना, दादाने ती काढली. ब्रश डब्यावर आडवा ठेवून तो म्हणाला, “यंदा एक नवीन करू या. धाकटे, तू पुढे बसतेस, तुला सगळं दिसतं. जे दिसेल ते बोलत राहा. मी फक्त शीड बघणार आणि सुकाणू धरणार. सगळ्यांनी सगळीकडे बघायचं म्हणजे कुणीच धड बघत नाही.”

“आणि मी काय करायचं?” पोत्याने विचारलं.

“तू ऐकायचं आणि झुकायचं.”

“म्हणजे घरच्यासारखंच.”

त्या दिवशी आपल्याला किती आनंद झाला होता हे आठवलं, की धाकटीला पुढे स्वतःचीच लाज वाटे. वीस वर्षं तिने दादाच्या होडीत दोर ओढले होते, ओल्या शिडांच्या घड्या घातल्या होत्या आणि “आता मध्ये बोलू नकोस” हे ऐकून घेतलं होतं. आता दादाच म्हणत होता, बोलत राहा. ती हुरळून गेली. संध्याकाळी गॅलरीत उभी राहून ती रस्त्यावरच्या वाहनांवर सराव करायची. “लाल गाडी, दोन खांब अंतर, डावीकडे वळतेय.” शेजारणीने एकदा काळजीच्या सुरात विचारलंही, कुणाशी बोलतेस गं?

मग एकेक गोष्ट खटकायला लागली. दादाच्या दंडावर सारखे काळेनिळे डाग दिसायचे. दाराची चौकट लागली, म्हणायचा. जेवताना डाव्या हाताशी ठेवलेला पाण्याचा पेला त्याच्या कोपराने दोनदा आडवा झाला. एकदा ती कचेरी सुटल्यावर दुकानात गेली. दार उघडंच होतं. दादा काउंटरमागे वाकून चष्म्याच्या काडीचा स्क्रू पिळत होता. कामात आहे म्हणून ती न बोलता त्याच्या डाव्या हाताला, दोन फुटांवर, उभी राहिली. त्याने स्क्रू पिळला, काच पुसली, चष्मा उजेडाला धरून पाहिला, डबीत ठेवला. मग मान वळवली आणि असा दचकला की मागच्या कपाटावर जाऊन आदळला.

“मांजरासारखी येतेस,” तो म्हणाला. “कधी आलीस?”

“आत्ताच,” ती म्हणाली. तिला येऊन चांगली पाच मिनिटं झाली होती.

तेवढ्यात चष्म्यासाठी थांबलेल्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने निरोप घेताना डाव्या बाजूने हात पुढे केला. तो हात तसाच हवेत राहिला आणि शेवटी म्हाताऱ्याने तो खिशात घातला. धाकटी कागद शोधायच्या निमित्ताने खण उघडून बसली, तर त्यात डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या तीन बाटल्या. दोन संपलेल्या.

“दादा, डोळे कुणाला दाखवलेस का?”

“अगं, मी रोज तीस माणसांचे डोळे तपासतो. मला नाही कळणार?”

“तेच विचारतेय. कळलंय का?”

तो हसला आणि नवीन गिऱ्हाइकाकडे वळला. वहिनीला विचारावं तर तिने कानांवर हात ठेवले. “त्यांचं त्यांना माहीत, बाई. मी विचारलं की दोन दिवस जेवणावर राग निघतो.”

हे होडीपुरतंच असतं तर धाकटीने सोडूनही दिलं असतं. शर्यत हरली तर काय, चषक पितळेचाच होता. पण दादा रोज सकाळी सात वर्षांच्या नातीला गाडीतून शाळेत सोडायचा. गाडी धाकटीच्या घरावरून जायची आणि मागच्या खिडकीतून नात आत्याआजीला हात हलवून दाखवायची. दुकानातल्या त्या दिवसानंतर ती गाडी सुखरूप वळणापलीकडे गेल्याशिवाय धाकटीच्या घशाखाली चहा उतरेना. आणि एका सकाळी तिने गॅलरीतून पाहिलं. डावीकडच्या गल्लीतून एक सायकलवाला बाहेर आला, गाडीचा वेग जराही कमी झाला नाही, सायकलवाल्याने दोन्ही पाय टेकवून कशीबशी सायकल आवरली आणि मागून शिवी दिली. मागच्या खिडकीत नात हात हलवत होती.

विचारून उपयोग नव्हता, ते करून झालं होतं. तिला खात्री करून घ्यायची होती, आणि खात्री झाल्यावर त्याच्यासमोर उभं राहून सांगायचं होतं, की चावी दे. खात्री करायला तिने निवडली ती होडी. रस्त्यावर कुणाचा जीव जाईल, पाण्यावर फार तर रंग खरवडला जाईल, असा तिचा हिशोब. शहाण्या माणसाने इतका मूर्खपणाचा हिशोब क्वचितच केला असेल, पण त्या वेळी तो तिला अगदी बिनतोड वाटला.

पाण्यावर एक साधा नियम आहे. दोन होड्या एकमेकींच्या वाटेत आल्या, की जिच्या उजव्या अंगावर वारा आहे तिला दुसरीने वाट द्यायची. बाकी शंभर नियम आहेत, पण पहिल्या दिवशी शिकवतात तो हा. दहाव्या शर्यतीत सत्तावीस नंबर वाऱ्यासोबत शेवटच्या बोयाकडे निघाली होती. वारा मागून, डाव्या अंगाने. मोठं शीड उजवीकडे पूर्ण सोडलेलं, त्यामुळे डाव्या बाजूला आड यायला काही नव्हतं, नुसतं उन्हात चमकणारं पाणी. आणि त्या मोकळ्या बाजूने पोस्टमास्तरांची निळ्या शिडाची होडी तिरकी येत होती. तिच्या उजव्या अंगावर वारा होता. वाट द्यायची ती सत्तावीस नंबरने.

धाकटीला ती होडी सात होड्यांच्या अंतरावर दिसली. अंतराच्या बाबतीत तिचं कधी चुकत नसे. तिचं पोटच त्यावर चालत होतं. “पुढे बोया, दहा होड्या,” एवढं ती बोलली आणि थांबली. मनात मोजायला लागली.

चार म्हणताना तिला वाटलं, आता बघेल. धडधाकट डोळ्यांच्या माणसाला कोपऱ्यातून एवढं मोठं निळं शीड दिसायलाच हवं. सहाला पोस्टमास्तरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि निर्धास्तपणे पुन्हा आपल्या शिडाकडे पाहिलं. रेडिओवाल्यांना सगळं दिसतं, हे सगळ्या क्लबाला ठाऊक होतं. नऊला धाकटीने दादाच्या तोंडाकडे पाहिलं. तो सरळ पुढे बघत होता आणि चेहरा इतका निवांत, की ओठांवर हसू होतं. तेव्हा तिच्या लक्षात आलं. ती गप्प होती, म्हणजे त्याच्या लेखी पाणी मोकळं होतं. तिच्या आवाजावर तर त्याने विश्वास टाकला होताच, तिच्या गप्प बसण्यावरही टाकला होता. हे कळेपर्यंत अकरा झाले. बाराला ती ओरडली, “दादा, डावीकडे!”

दादाने सुकाणू ओढलं. पोस्टमास्तरही ओरडले. पोतं डाव्या काठावर बसलं होतं. दुसऱ्या होडीला कधी हाताने अडवायचं नाही, हे पोत्याने स्वतः नवख्यांना पन्नास वेळा सांगितलं असेल. पण समोरून होडी अंगावर येते तेव्हा हात विचारून पुढे जात नाही. आधी लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज झाला आणि मग पोत्याचा. तो फार मोठ्याने ओरडला नाही. “अरे, अरे,” एवढंच म्हणत तो होडीच्या तळाशी बसला आणि उजवा हात पोटाशी धरून राहिला.

पोस्टमास्तरांनीच त्याला आपल्या गाडीतून इस्पितळात नेलं. तीन बोटं मोडली होती, अंगठ्याची शीर तुटली होती. तीन महिने हात बांधलेला राहणार होता, आणि त्यानंतर पकड किती परत येईल ते तेव्हा बघू, असं डॉक्टर म्हणाले. धक्क्यावर घोळका जमला. “रेडिओ नेमका आजच कसा बंद पडला?” कुणीतरी म्हणालं. “हिचं लक्ष कुठे होतं?” दुसऱ्याने विचारलं. दादा तिथेच, तिच्या शेजारी, ओला दोर गुंडाळत उभा होता. त्याने दोर पूर्ण गुंडाळला, गाठ मारली आणि एक अक्षर बोलला नाही. धाकटीला त्याचा असा राग आला की रडू यायचंच राहून गेलं.

दोन दिवसांनी ती बेकरीत गेली, पोत्याला सगळं सांगायचं ठरवून. त्याची बायको परातीशी उभी राहून घामाघूम होऊन पीठ मळत होती. पोतं स्टुलावर बसून डाव्या हाताने मीठ मोजत होतं आणि निम्मं सांडत होतं.

“ये, ये,” तो म्हणाला. “आता इथे मी फक्त ऐकतो. झुकायचंही बंद झालंय.”

बायको हसली नाही. धाकटीने तोंड उघडलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पोत्याला वाटलं, ही त्याच्या हातासाठी रडतेय. “वेडी का काय तू? लक्ष गेलं असेल क्षणभर. माणूस आहेस, भिंतीवरचं घड्याळ नव्हेस. माझीच चूक, हात कुणी घालायला सांगितला होता?” त्याने सांडलेलं मीठ डाव्या तळहाताने गोळा केलं आणि बायकोला पाव बांधून द्यायला लावला. ते पाकीट हातात घेऊन धाकटी न सांगताच बाहेर आली. पाव तिने घरी ओट्यावर ठेवला. तो तिथेच वाळून गेला.

पुढच्या रविवारी दुपारी क्लबाच्या माडीवर चौकशी होती. टक्कर झाली आणि माणूस जायबंदी झाला, की चौकशी करावीच लागते. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, मध्ये बोया म्हणून ठेवलेलं खोडरबर आणि बोटभर लांबीच्या लाकडी होड्या. कोण कुठे होतं हे शब्दांत कुणालाच धड सांगता येत नाही, म्हणून या होड्या मांडून दाखवायच्या, अशी पद्धत. एक होडी मागेच हरवली होती. तिची जागा एका स्टेपलरने घेतली होती. चौकशीच्या प्रमुख जनावरांच्या डॉक्टरीणबाई. बाईंना उगाच गोड बोलायची सवय नव्हती. त्यांचे रोगी बोलत नसत, त्यामुळे बोलणाऱ्यांकडून फार अपेक्षा ठेवायला त्या शिकल्याच नव्हत्या.

“सुकाणू कुणाकडे होतं?”

“माझ्याकडे,” दादा म्हणाला. “चूक माझी.”

“ते आम्ही ठरवू. पोस्टमास्तर, तुम्ही मांडा आधी.”

पोस्टमास्तरांनी स्वतःची म्हणून लाल होडी मांडली, वाऱ्याची दिशा बोटाने दाखवली, स्टेपलर सत्तावीस नंबरच्या जागी ठेवला आणि टक्कर कशी झाली ते दाखवलं. खुर्चीवर टेकून बसलेलं पोतं म्हणालं, “बाई, मी स्टेपलर आहे का?” दोघंतिघं हसली. त्याचा बांधलेला हात टेबलाच्या कडेवर एखाद्या पार्सलासारखा ठेवलेला होता.

“आता तुम्ही,” बाई दादाला म्हणाल्या. त्यांनी लाल होडी उचलून त्याच्या तळहातावर ठेवली. “ही तुम्हाला पहिल्यांदा दिसली तेव्हा कुठे होती? तेवढं ठेवा.”

दादाने होडी हातात घेतली आणि टेबलावर हात धरला. हात कापडाच्या वर तसाच राहिला. थोडा डावीकडे गेला, परत आला. पोस्टमास्तरांनी आत्ताच मांडून दाखवलं होतं. खोटंच ठेवायचं असतं तर कुठेही ठेवता आलं असतं. पण ती होडी त्याच्यासाठी कुठूनच आली नव्हती. एका क्षणी नव्हती आणि पुढच्या क्षणी पोत्याचा हात तिच्याखाली होता. धाकटी त्याच्या डाव्या बाजूला बसली होती. त्याने मान वळवली नाही. कान जरासा तिच्याकडे केला आणि वाट पाहिली. होडीत तो असाच वाट पाहायचा.

ती काही बोलली नाही. मग त्याने लाल होडी स्टेपलरला चिकटवून ठेवली.

“अहो, ही धडकल्यानंतरची जागा झाली,” बाई म्हणाल्या. “त्याआधी?”

“मला इथेच दिसली.”

“मोकळ्या बाजूला? भर दुपारी?” पोस्टमास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच समजत नव्हतं.

“इथेच दिसली,” दादा पुन्हा म्हणाला. आयुष्यभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणारा माणूस, आणि आज सगळ्यांसमोर त्याच्यावर ती वेळ आली होती. धक्क्यावर तो गप्प राहिला त्याचा तिचा राग त्या क्षणी निवला. राहिली ती नुसती कीव, आणि त्याहून मोठी भीती. कारण आता बोलायची पाळी तिची होती.

ती उठली. लाल होडी उचलली. बोटांनी अंतर मोजलं, एक होडी, दोन, तीन, अशी सात, आणि तिथे ती ठेवली. टेबलाच्या जवळजवळ काठावर.

“मला इथे दिसली,” ती म्हणाली.

“मग तुम्ही सांगितलं का नाही?” बाईंनी विचारलं.

“मुद्दाम नाही सांगितलं. दादाला बाजूचं दिसत नाही, असा मला संशय होता. विचारून तो सांगत नव्हता. तो बघतो का, ते मी बघत होते.”

खाली कुणीतरी होडीचा तळ घासत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता.

“कधीपासून माहीत होतं तुला?” दादाने विचारलं. तो खोडरबराकडे बघत होता.

“दुकानात आले होते त्या दिवसापासून.”

“मग मला विचारायचं.”

“विचारलं होतं.”

“हो,” तो म्हणाला. “विचारलं होतंस.” मग बाईंकडे तोंड करून, दुकानात गिऱ्हाइकाला सांगायचा त्याच आवाजात, त्याने सांगितलं. “दोन वर्षं झाली. कडेने सुरू होतं आणि आत येत जातं. समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं, म्हणून माणसाला वाटतं, आपलं चाललंय. थेंब घालतो, पण गेलेलं परत येत नाही. बोलत राहायची ती रीत मी त्यासाठीच काढली होती.”

धाकटीला हे ठाऊक झालेलं होतं, तरी त्याच्या तोंडून ऐकताना तिला घाव बसायचा तो बसलाच. गॅलरीत उभं राहून केलेला तो सगळा सराव तिला आठवला.

पोतं इतका वेळ आपल्या हाताकडे बघत होतं. “धाकटे,” तो म्हणाला, “किती वेळ गप्प होतीस?”

“बारा मोजले.”

“सावकाश, की भरभर?”

“सावकाश.”

त्याने मान डोलावली. “बारा आकड्यांत मी पावाचे चोवीस गोळे वळतो,” तो म्हणाला. “दोन्ही हातांनी.” त्याने हे चिडून म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. तो उठला, डाव्या हाताने खुर्ची नीट आत सरकवली आणि पोस्टमास्तरांना म्हणाला, “मला सोडाल का घरी?” जिन्यावरून त्याची पावलं बराच वेळ ऐकू येत राहिली, जाडा माणूस, आणि कठड्याला धरायचा हात बांधलेला.

डॉक्टरीणबाईंनी निकाल लिहिला. सत्तावीस नंबर शर्यतीतून बाद. डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद आणल्याशिवाय दादाने सुकाणूवर बसायचं नाही. मग पेन हातातच ठेवून त्या धाकटीला म्हणाल्या, “तुमच्यासाठी आमच्या पुस्तकात नियम नाही.” त्यांनी सही केली आणि एकेक करून होड्या डब्यात भरल्या.

गाडी क्लबामागच्या गल्लीत होती, एक चाक पदपथावर चढलेलं. डाव्या बाजूचा आरसा चिकटपट्टीने बांधला होता. दादा चालवायच्या दारापाशी गेला, चावी काढली आणि उभा राहिला. काही वेळाने तो एका हाताने गाडीचं अंग चाचपत पुढून वळसा घालून दुसऱ्या दाराशी आला आणि चावी टपावरून, चालवायच्या बाजूला उभ्या असलेल्या धाकटीकडे सरकवली.

“उद्यापासून सकाळी तूच ये,” तो म्हणाला. “पावणेआठला निघतो आम्ही. पोरीला शाळेला उशीर झालेला आवडत नाही.”

“येईन.”

“डोळ्यांचं तिला मी सांगेन. तू सांगू नकोस.”

“बरं.”

यासाठीच तिने ते सगळं केलं होतं, ही चावी हातात यावी म्हणून. ती आली होती. धाकटीने गाडी सुरू केली. गल्लीच्या तोंडाशी दादा म्हणाला, “बोल.”

“काय बोलू?”

“काय दिसतंय ते. सवय झालीय मला.”

तिने घसा साफ केला. “उजवीकडून ट्रक, पाच खांब अंतर. जाऊ देतेय. डावीकडे दोघी बायका, पदपथावरच आहेत. आता वळते. पुढे पांढरी गाडी, सावकाश चाललीय. सिग्नल हिरवा.” आवाज हळूहळू तिचा तिला सापडला. दादा सीटला टेकून सरळ पुढे बघत होता, समोरचं त्याला स्वच्छ दिसत होतं. पांढरी गाडी वळून गेली. पुढे रविवारचा लांबच लांब रिकामा रस्ता, दोन्ही बाजूंना बंद दुकानं. सांगण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून ती बोलायची थांबली.

दादाचा हात झटकन पुढे गेला आणि त्याने समोरच्या डॅशबोर्डची कड घट्ट धरली.

“मोकळा आहे,” ती घाईने म्हणाली. “दादा, रस्ता मोकळा आहे. कुणी नाहीये.”

“हो का,” तो म्हणाला. घर येईपर्यंत त्याने हात काढला नाही.